टपावरचं कॅरियर : केमला काय केलं, कसं केलं
(शिबिरातल्या बोलण्याचं टिपण)



काल दिवसभर कायद्यावर बोलणं झालं. आज आम्हाला गाडीवर बोलायला सांगितलंय. काही जण हसले. पण संघटनेची गाडी तुमच्या हिरड्याच्या आणि भाताच्या वर्गणीतून आली आहे. तिच्यावर काय चढवलं, का चढवलं आणि त्याआधी आमच्या हातून काय चूक झाली याचा हिशेब तुम्हाला द्यायलाच हवा.

आधी चूक सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या पाड्यांनी दोन दिवसांत नाचणी, तांदूळ, घोंगड्या जमा केल्या. माल एवढा झाला की मॅटाडोरच्या आत माणूस बसायला जागा राहिली नाही. मग आम्ही बांबू तोडले, टपावर आडवे टाकले आणि तारेनं दारांना आवळून बांधले. वर पोती रचली. एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. पण आत जागा नाही म्हणून दोन पोरं पोत्यांवर बसली आणि आम्ही त्यांना उतरा म्हटलं नाही. बार्शीच्या पुढे एका वळणावर तार तुटली. बांबू, पोती, पोरं, सगळं एका अंगाला घसरलं. एका पोराचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मागून बैलगाडी येत होती, तिच्यात बाया होत्या. पोतं बैलाच्या पुढ्यात पडलं, म्हणून निभावलं. दान पोचलं, पण त्या पोराच्या आईला तोंड दाखवायला आम्हाला पंधरा दिवस लागले. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्यात टपावर माणूस बसवायला मनाई आहे. हे आम्हाला तेव्हाही माहीत होतं. जमिनीसाठी कायद्याचं कलम न् कलम पाठ करणारे आपण, गाडीत बसलो की ते विसरतो.

परत येताना केमला गेलो. केम सोलापूर जिल्ह्यात, करमाळा तालुक्यात. कुर्डुवाडीवरून पुण्याकडे येणाऱ्या रेल्वेवर स्टेशन आहे. तुमच्यातल्या बायांनी केमचं नाव कुंकवाच्या पुडीवर वाचलं असेल. तिथं कुंकवाचे कारखाने आहेत. आपल्या भीमाशंकरच्या डोंगरातून जी भीमा निघते तीच खाली जाऊन उजनीच्या धरणात त्या तालुक्याच्या कडेला तुंबते. धरण तिकडे, डोंगर इकडे, पण अभयारण्य दोन्हीकडे आहे. आपल्याकडे भीमाशंकरचं, १९८५ चं. तिकडे माळढोकाचं, १९७९ चं, आणि ते तेव्हा साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं! त्यात करमाळ्याचीही जमीन घेतली होती. पक्षी माळावर राहतो, माणूसही माळावर राहतो. पण कागदावर जागा फक्त पक्ष्याला मिळाली.

केमच्या शिवारात गायरानाच्या एका कडेला फासेपारध्यांची पालं होती. त्यांनी निरोप पाठवला होता म्हणून आम्ही गेलो. ही माणसंही आपल्यासारखीच आदिवासी, अनुसूचित जमातीतली. पण इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत होती, तिथं हजेरी लागायची. तो कायदा १९५२ ला गेला. संशय मात्र गेला नाही. आजही चोरी झाली की आधी पालावर येतात.

त्यांचं काम असं होतं. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाप्रमाणे १४ एप्रिल १९९० पर्यंत गायरानावर ज्यांचा कब्जा होता त्या भूमिहीनांची अतिक्रमणं कायम करायची होती. आपल्या वनजमिनीची तारीख तेव्हा वेगळी होती, २५ ऑक्टोबर १९८०, त्यांची वेगळी. पण लागतो तो पुरावाच. दंडाच्या पावत्या, पीकपाहणी, तलाठ्याकडचा गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. त्यांच्याकडे पावत्या होत्या. एका म्हाताऱ्या काकींनी पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत जपून ठेवल्या होत्या. सुनावणी करमाळ्याला होती आणि सगळ्या कुटुंबांनी हजर राहायचं होतं.

आम्ही म्हटलं, गाडी आहे, दोन खेपा करू. तर कुणी तयार होईना. आम्हाला राग आला. आम्ही म्हटलं, तुमच्यासाठी आलो आणि तुम्हीच येत नाही? मग एका बाईनं सांगितलं. पाल मोकळं सोडून गेलो की परत आल्यावर पाल नसतं. मागं एकदा अशीच सगळी तारखेला गेली होती. संध्याकाळी येऊन बघतात तर भांडी फेकलेली, पालं जळालेली. कुणी केलं ते कधी ठरलं नाही. तेव्हापासून ते जिथं जातात तिथं सगळं घर बरोबर नेतात. भांडी, वाकळा, ताडपत्री, जोंधळ्याचं पोतं, कोंबड्यांचा डालगा. हे सगळं गाडीत भरलं की माणसं बसणार कुठं? म्हणून टपावर कॅरियर. हे लक्षात घ्या. आपल्याला वाटलं होतं की प्रश्न गाडीचा आहे, सामानाचा नाही.

आता तारेचा आणि बांबूचा नाद सोडला होता. बाजारपेठेत एक वेल्डिंगवाला होता आणि शेजारी एक आबा राहायचे. कुर्डुवाडीच्या रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. बार्शी लाइट रेल्वेच्या त्या अडीच फुटी गाडीवर त्यांचा जन्म गेला. आबांनी आधी एक तास काही करू दिलं नाही. टपावर चढून हातानं ठोकून बघितलं. म्हणाले, पत्रा पातळ आहे, याच्यावर वजन टाकायचं नाही आणि भोकं तर पाडायचीच नाहीत. भोक पडलं की पावसाचं पाणी आत येतं, पत्रा गंजतो, पुढच्या वर्षी कॅरियर भोकासकट निघून येतं. वजन घ्यायचं ते टपाच्या दोन्ही कडेला जी पन्हाळ असते तिच्यावर. कारण पन्हाळीच्या खाली गाडीची भिंत आहे.

मग त्यांनी रेल्वेची गोष्ट सांगितली. १८९७ साली बार्शीची लाइन सुरू झाली तेव्हा लोक हसायचे, एवढ्या हलक्या रुळावर काय चालणार? पण ती बांधणाऱ्या कॅल्थ्रॉप साहेबानं एक गोष्ट धरून ठेवली होती. कुठल्याही आसावर ५ टनांच्या वर भार नाही, आणि सगळ्या आसांवर सारखा. रूळ हलका असला तरी ओझं वाटून घेतलं की पेलतो. तसंच इथं. दोन पायांवर ओझं आलं तर पन्हाळ फाटेल, सहा पायांवर सारखं आलं तर फाटणार नाही.

ज्यांना आपल्या भागात करायचं असेल त्यांच्यासाठी मापं सांगतो, लिहून घ्या. लांबी ८ फूट, रुंदी साडेचार फूट. टपापेक्षा लांब करायचं नाही. चौकटीला २५ मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा अँगल. मधे तीन आडवे अँगल. त्यांच्यावर लांबीच्या बाजूनं चार चपट्या पट्ट्या, म्हणजे पोतं खाली लोंबत नाही. चौकटीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात एक तिरपी पट्टी हवीच. ती आम्ही आधी विसरलो होतो. नुसती चौकट हातानं ढकलली तर खाटेसारखी तिरकी होत होती, पट्टी मारल्यावर हलेना. भोवती अर्धा फूट उंचीचा १० मिलिमीटर सळईचा कठडा. पाय सहा, एका बाजूला तीन. प्रत्येक पायाचं टोक पन्हाळीत टेकतं आणि बाहेरून वाकवलेली पट्टी पन्हाळीच्या खालून धरते. दोन्ही नटबोल्टनं आवळायच्या. मधे जुन्या ट्यूबचा रबराचा तुकडा घालायचा, नाहीतर लोखंड पन्हाळीला खातं. नटावर दुसरा नट, म्हणजे हादऱ्यानं ढिला होत नाही. वेल्डिंग गाडीवर करायचं नाही, खाली उतरवून करायचं. ठिणगी आणि डिझेलची टाकी यांची दोस्ती नको.

किराणा दुकानाच्या काट्यावर सगळं २६ किलो भरलं. वर लाल ऑक्साइड मारला. रंग ओला असतानाच वारं सुटलं आणि जवळच्या कारखान्याकडून कुंकवाची भुकटी येऊन बसली. अजून तो खडबडीत डाग दिसतो, हात लावून बघा.

किती ओझं टाकायचं यावर भांडण झालं. आम्ही म्हणत होतो, सहा पोती. आबा म्हणाले, तीन, म्हणजे दीडशे किलो, बस्स. वर ओझं वाढलं की वळणावर गाडी झुलते आणि माळशेज घाटात झुलून बघण्याची हौस असेल तर तुमची तुम्ही बघा. जड ते आत खाली, हलकं ते वर. आपल्या गाडीची ओढ पुढच्या चाकांना आहे, म्हणून वरचं वजन पुढच्या अर्ध्यात ठेवायचं. सगळं मागं गेलं तर चढणीला पुढची चाकं नुसती फिरतात.

सामान बांधलं ते पारधी भावांनी. आमच्या गाठी बघून ते हसले. त्यांची गाठ अशी की ओढ आली की आवळते आणि एका झटक्यात सुटते. बापजाद्यांनी तितराच्या फाशाला जी गाठ मारली तीच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते कसब गुन्ह्यात जमा झालं आणि त्याच्या बदल्यात कसायला जमीन मात्र कुणी दिली नाही. ती गाठ आम्ही शिकून आलोय. जेवणानंतर दोरी घेऊन दाखवतो.

सुनावणीच्या दिवशी पहाटे सगळं घर वर चढलं. वाकळा, ताडपत्र्या, भांड्यांची बोचकी, कोंबड्या. जोंधळा आत, सीटखाली. आधी जिथं नऊ माणसं मावत होती तिथं सतरा बसली. दोन पोरं टपावर चढायला लागली, त्यांना खाली ओढलं. ती रुसली. रुसू दे. काकींना म्हटलं, पेटी वर द्या, पायाशी अडचण होईल. त्या म्हणाल्या, भांडी गेली तर भांडी आणीन, ही गेली तर मी कोण ते कोण सांगेल? पेटी मांडीवर घेऊन बसल्या.

वाटेत एका ठिकाणी गाडी अडवली. पारधी आणि वर एवढं सामान, म्हणजे चोरीचं, असा त्यांचा हिशेब. सगळं उतरवायला लावलं. तासभर गेला. पण टपावर माणूस नव्हता, कागद होते, दिवे लागत होते, दंड लावायला त्यांना काही सापडलं नाही. पोरं वर बसली असती तर तारीख तिथंच गेली असती. पुन्हा बांधायला पाव तास लागला, गाठींमुळं.

सुनावणीत पावत्या दाखल झाल्या, पोच घेतली. निकाल लागलेला नाही, पुढची तारीख पडली. संध्याकाळी माळावर आलो तर जागा होती तशीच होती. पालं पुन्हा उभी केली आणि आम्ही निघालो.

आता इथलं. दर खेपेला निघण्यापूर्वी सहाही पायांचे नट पान्यानं बघायचे, हे काम ड्रायव्हरचं नाही, जे त्या दिवशी गाडी नेतील त्यांचं. गाडीच्या नोंदवहीत सही करायची. गाडीत असा फेरफार केला की आरटीओला कळवावं लागतं. तो अर्ज तयार आहे, उद्या जुन्नरला जाणाऱ्यांनी बरोबर न्यावा. ज्या पाड्यांची पडताळणी येत्या महिन्यात आहे त्यांनी दंडाच्या पावत्या शोधून ठेवा. गाडी आधी वरच्या पाड्यांना येईल. पोती तीनच.