दोन देश, दोन रीती

(कतार देशात नोकरी करून परतलेल्या एका माजी विद्यार्थ्याने गावच्या शाळेत केलेले हे भाषण. देशाचा कारभार निरनिराळ्या रीतींनी कसा चालतो, हे त्यातून कळते.)



मी बरीच वर्षे कतारची राजधानी दोहा येथे नोकरी केली. "तो देश चांगला, की आपला?" असे मघाशी तुमच्यापैकी एकाने मला विचारले. याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. त्यासाठी तीन प्रश्न विचारावे लागतात. कारभार कोण पाहतो? संपत्ती कोणाची? आणि हिशेब कोण विचारतो?

कतारमध्ये राजेशाही आहे. तेथील राज्यकर्त्याला 'अमीर' म्हणतात. हे पद एकाच घराण्यात चालत आले आहे. २०१३ साली शेख हमद यांनी ते आपले पुत्र शेख तमीम यांच्याकडे सोपवले. आपल्याकडे लोकशाही आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेले नागरिक मत देऊन आपले प्रतिनिधी निवडतात.

आता संपत्तीचे पाहू. पूर्वी कतारचे लोक समुद्रात बुड्या मारून मोती काढत. पुढे तेथे खनिज तेल सापडले. १९७१ साली समुद्राखाली नैसर्गिक वायूचा प्रचंड साठाही सापडला. ही संपत्ती सरकारच्या मालकीची आहे. तिच्या उत्पन्नातून नागरिकांना मोफत शिक्षण मिळते. पगारावर कर द्यावा लागत नाही. आपल्याकडे शेत शेतकऱ्याचे, दुकान दुकानदाराचे, तर रेल्वे सरकारची. सरकार लोकांकडून कर घेते आणि त्यातून शाळा, रस्ते बांधते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला पाण्याने शिकवले. कतारमध्ये एकही नदी नाही. तेथे समुद्राचे खारे पाणी गोडे करतात. मला तेथे पाणी कधीच कमी पडले नाही. इकडे माझी आई मात्र डोक्यावर हंडा घेऊन विहिरीवर जाई. मला आपल्या गावाची लाज वाटे.

एकदा मी रजेवर आलो, तेव्हा ग्रामसभा भरली होती. आई उभी राहिली. "नळाचे काम का थांबले? पैसे किती आले, किती खर्च झाले?" तिने विचारले. सरपंचांनी सर्वांसमोर हिशेब वाचून दाखवला. नळ यायला आणखी दोन वर्षे लागली. पण माझी लाज त्याच दिवशी गेली. तेथे पाणी भरपूर होते. पण मी परदेशी, मला मत नव्हते. तेथील नागरिकही अमीर निवडत नाहीत.

मुलांनो, आपल्याकडे पुष्कळदा उशीर होतो, हे खरे. पण आपल्याला विचारता येते. कोणी विचारलेच नाही, तर तो हक्क काय कामाचा? मोठे झाल्यावर तुम्ही ग्रामसभेला जाल ना?

स्वाध्याय
१. कतारच्या राज्यकर्त्याला काय म्हणतात?
२. लेखकाची लाज कशामुळे गेली?
३. तुमच्या गावात ग्रामसभा केव्हा भरते, याची माहिती मिळवा.