रायगडाच्या वाटेवरचे महाड

(माध्यमिक शिक्षक व पालक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



समाजशास्त्रे हा विषय आपल्या शाळांतून पोरका झाला आहे, हे कटू असले तरी सत्य आहे. गणिताला शिकवणी, विज्ञानाला प्रयोगशाळा. इतिहास-भूगोल मात्र ज्या शिक्षकाची तासिका मोकळी असेल त्याच्या माथी! दहावीच्या लेखी परीक्षेत इतिहास-राज्यशास्त्राला ४० आणि भूगोलाला ४० गुण. ते प्रश्नसंच पाठ करून मिळतात, म्हणून पालकही निश्चिंत. राष्ट्रभक्तीचा आग्रह धरणाऱ्या आपल्या घरांमध्ये तरी या विषयाची चौकशी कितीशी होते?

पाठ्यपुस्तके बदलावीत, ही मागणी आपण वर्षानुवर्षे केली आणि ती रास्तच होती. परंतु पुस्तकाने सारे काही साधत नाही. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात उपयोजित इतिहास, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन यांवर स्वतंत्र प्रकरणे आली. दार उघडले, शाळा मात्र उंबरठ्यावरच थांबली.

एकच उदाहरण घेतो. आपल्या अनेक शाळांची सहल रायगडावर जाते. मुले सिंहासनाच्या जागी जयघोष करतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात, बारावा तमिळनाडूतील जिंजी. तो इतक्या दूरचा किल्ला या यादीत कसा, हे जयघोष करणाऱ्यांपैकी किती जणांना सांगता येईल? १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला, तेव्हा छत्रपती राजाराम महाराजांनी जिंजीहून राज्य चालवले आणि १६९८ पर्यंत मोगल फौजा त्या किल्ल्यापाशी अडकून पडल्या. स्वराज्य राजधानीच्या पाडावानंतरही टिकले, हा खरा अभिमानाचा भाग. तोच आपण शिकवायचा विसरतो.

आता गडाच्या पायथ्याकडे वळू. रायगडाची वाट महाडवरून जाते. अंतर सुमारे २५ किलोमीटर. बस महाडला चहापाण्यासाठी थांबते, चवदार तळ्यापाशी थांबत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात संमत झाला. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली आणि तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. मारणारे कोणी परकीय नव्हते, आपलेच होते. सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधर सहस्रबुद्धे यांच्यासारखे बाबासाहेबांच्या बाजूने उभे राहिलेलेही आपलेच. न्यायालयीन लढा १९३७ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालाने संपला. दुसऱ्या परिषदेसाठी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला आलेले बाबासाहेब रायगडही पाहून आले होते!

हे मुलांना सांगताना काही शिक्षकांना संकोच वाटतो. समरसता हा शब्द आपण व्यासपीठावरून उच्चारणार आणि वर्गात मात्र तळ्याचे नाव टाळणार, हे कसे चालेल? पंधरा वर्षांच्या मुलाला राज्याभिषेक समजतो, तसे हेही समजते. संविधानाच्या उद्देशिकेतील ‘बंधुता’ हा शब्द कुठून आला, हे त्याला व्याख्येपेक्षा त्या पायऱ्यांवर अधिक कळेल.

भूगोलही तिथेच आहे. सह्याद्रीवरून वेगाने उतरणारे पाणी आणि सावित्रीच्या खाडीतून चढणारी भरती यांच्या कात्रीत महाड सापडते. जुलै २०२१ मध्ये शहर बुडाले आणि त्याच तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. महाडच्या जुन्या रहिवाशांना पाणी कुठवर चढले होते ते विचारा; पर्जन्याचा तो धडा फळ्यावर उमटत नाही.

तेव्हा मुख्याध्यापकांना विनंती एवढीच, की सहलीआधी दोन तासिका नकाशासाठी ठेवा. प्रत्येक गटाला एक प्रश्न द्या: कोणी नदीचा, कोणी गडाच्या दरवाजांचा, कोणी नगरपालिकेच्या ठरावाचा. पालकांनी परतल्यावर गुण विचारू नयेत, काय पाहिले ते विचारावे. आणि वेळापत्रक आखताना गडावरचा तासभर कमी करावा लागला तरी चालेल. चवदार तळ्यापाशी मुले उजेड असतानाच पोहोचली पाहिजेत.