धावण्याचा जमाखर्च

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमात खारघर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला 'व्यायाम आणि आरोग्य' या विषयावर चार शब्द बोलण्यास सांगितले. आम्ही डॉक्टर नाही, खेळाडू तर नाहीच. कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. वीस वर्षांहून अधिक काळ खिडकीच्या आत बसून लोकांच्या पैशांचा हिशेब केला. त्यामुळे उपदेश करण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. मात्र जमाखर्च मांडता येतो. गेली काही वर्षे आम्ही हौसेने धावतो, छोट्या-मोठ्या शर्यतींत भाग घेतो. त्यात काय मिळाले आणि काय गेले, एवढेच आज प्रामाणिकपणे सांगणार आहोत.

सुरुवात भीतीपोटी झाली. आमचे वडील वयाच्या चोपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. आम्ही चाळिशी ओलांडली त्या वर्षी, म्हणजे २०१९ मध्ये, रक्तातील साखर सीमारेषेवर आली. डॉक्टरांनी गोळी लिहिण्यापूर्वी सहा महिन्यांची मुदत दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सेंट्रल पार्कच्या बाहेरील रस्त्यावर उभे राहिलो आणि धावलो. किती? विजेचे दोन खांब. तिसऱ्या खांबाला हात टेकून उभे राहिलो, तेव्हा फिरायला आलेल्या एका आजींनी "बरं वाटत नाही का?" असे विचारले.

मग खांबांचाच हिशेब ठेवला. दोन खांब धावायचे, दोन चालायचे. पुढच्या आठवड्यात तीन धावायचे, दोन चालायचे. अशा रीतीने तीन महिन्यांत आम्ही न थांबता पाच किलोमीटर धावू लागलो. मुदत संपली तेव्हा साखरेचा आकडा खाली आला होता. ही पहिली जमा. दुसरी जमा म्हणजे सोबती. एक शिक्षक, एक रिक्षाचालक, आणि आमच्याच इमारतीत राहणारे, आमच्याहून आठ वर्षांनी मोठे असलेले एक शेजारी. त्यांना सगळे 'दादा' म्हणतात. उत्सव चौकापासून गोल्फ कोर्सच्या बाजूने जायचे, पांडवकड्याच्या डोंगराकडे तोंड करून धावायचे आणि परतताना टपरीवर कटिंग घ्यायचा, हा आमचा रविवारचा परिपाठ झाला.

आता थोडे इतिहासाकडे वळू. मॅरेथॉन शर्यतीचे नाव ग्रीसमधील एका गावावरून आले. १८९६ साली अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक झाले, तेव्हा ही शर्यत स्पिरिडॉन लुईस या पाणी वाहून नेणाऱ्या माणसाने जिंकली. आज मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर आहे. हे अंतर प्रथम १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले आणि १९२१ मध्ये कायम झाले. १९६० साली रोममध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी धावून सुवर्णपदक मिळविले. स्त्रियांना मात्र ऑलिंपिक मॅरेथॉनसाठी १९८४ पर्यंत थांबावे लागले.

आपल्याकडचे पाहू. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. अलीकडे नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या आदिवासी कुटुंबातील कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळविले. साताऱ्याच्या माण तालुक्यातील, दुष्काळी मुलखातील ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या. आणि बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे! शेतकऱ्याचा मुलगा, महार रेजिमेंटचा जवान. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२० साली दिल्लीत त्याने अर्धमॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटरहून थोडे अधिक अंतर, १ तास ३० सेकंदांत पार केले. तेवढेच अंतर धावायला आम्हाला २ तास २४ मिनिटे लागली. तो घरी जाऊन, आंघोळ करून, जेवायला बसला असता, तेव्हा आम्ही रस्त्यावरच होतो!

ही नावे मुद्दाम घेतली. यांतील बहुतेक जण पाण्याची, शेताची, शाळेची वाट तुडवत मोठे झाले. धावणे हा गरिबाला परवडणारा खेळ आहे असे म्हणतात, त्याचे कारण हेच. परंतु आजच्या हौशी शर्यतींबद्दल तसे म्हणता येईल का? २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि हळूहळू वसई-विरारपासून साताऱ्यापर्यंत अशा शर्यतींची चाल पडली. आता हिवाळ्यात नवी मुंबईतही कुठे ना कुठे पाच-दहा किलोमीटरची शर्यत असते. बनियन मिळते, छातीवर लावायला क्रमांक मिळतो, क्रमांकाच्या मागे वेळ मोजणारी चिप असते, शेवटी पदक आणि उपमा. आम्हालाही त्याचे वेड लागले. येथून खर्चाची बाजू सुरू होते.

पहिला खर्च पैशाचा. एका वर्षाची आमची डायरी सांगते: चार शर्यतींची फी तीन हजार आठशे, बूट साडेचार हजार, घड्याळ सात हजार. आमच्या सहचारिणीने हा हिशेब वाचून एकच प्रश्न केला, "रस्ता सरकारी, पाय तुमचे, मग एवढे पैसे कशाचे?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

दुसरा खर्च शरीराचा. अर्धमॅरेथॉनचा फॉर्म भरला आणि आठवड्याला वीस किलोमीटर धावणारे आम्ही महिन्याभरात पंचेचाळीसवर गेलो. दम टिकत होता, म्हणून सर्व काही ठीक आहे असे वाटले. वास्तविक हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात. हाडे आणि स्नायूंना जोडणाऱ्या शिरा यांना महिने लागतात. त्यात खारघरचे काँक्रीटचे रस्ते. एके पहाटे नडगीत कळ आली. ती दाबून आणखी दहा दिवस धावलो, कारण शर्यत जवळ आली होती. शेवटी हाडाला सूक्ष्म तडा गेल्याचे निदान झाले. आठ आठवडे धावणे बंद. शर्यतीच्या दिवशी आम्ही गॅलरीत बसून होतो. आपणापैकी अनेकांना सोण स्थविरांची कथा ठाऊक आहे. चालून चालून त्यांच्या पायांतून रक्त आले, तेव्हा भगवान बुद्धांनी त्यांना वीणेच्या तारेचा दाखला दिला. तार फार ताणली तरी सूर नाही, फार सैल सोडली तरी नाही. ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. कळली ती नडगीला तडा गेल्यावर.

तिसरा खर्च सांगण्यासाठीच खरे म्हणजे आम्ही आज उभे राहिलो आहोत.

बरे झाल्यावर मार्च महिन्यात आम्ही आणि दादांनी दहा किलोमीटरच्या एका स्थानिक शर्यतीत नाव दिले. शर्यत सहाला सुटायची. पाहुणे येईपर्यंत साडेसात वाजले. ऊन वर आले. दुसऱ्या टेबलावरचे पाणी संपले होते. आम्हाला दहा किलोमीटर एक तासाच्या आत धावायचे होते, घड्याळ तेवढ्यासाठीच घेतले होते. सहाव्या किलोमीटरला दादा म्हणाले, "जरा गरगरतंय. तुम्ही व्हा पुढे." आम्ही घड्याळ पाहिले आणि पुढे झालो.

५९ मिनिटे १२ सेकंद. पदक गळ्यात पडले. फोटो काढला. दादा आले नाहीत. अर्ध्या तासाने आम्ही उलट चालत गेलो, तेव्हा ते पदपथावर बसलेले होते. एका भाजीवाल्या बाईंनी भाजीवर शिंपडायचे पाणी त्यांच्या डोक्यावर ओतले होते, ओला पंचा मानेवर ठेवला होता आणि मीठ-साखर घातलेले पाणी थोडे थोडे पाजत होत्या. आमच्या गळ्यातल्या पदकाकडे पाहून त्या म्हणाल्या, "तुमच्याच सोबतचे का हे?" दवाखान्यात नेले, सलाईन लागले, संध्याकाळी घरी सोडले. थोडक्यात निभावले.

दादा रागावले नाहीत. काही दिवसांनी जिन्यात भेटले, तेव्हा एवढेच म्हणाले, "पुढे व्हा असं मीच म्हणालो होतो. पण तुम्ही एवढ्या लगेच व्हाल असं वाटलं नव्हतं." ते पदक आम्ही भिंतीवर लावलेले नाही. कपाटाच्या खणात, पासबुकांच्या खाली आहे.

पुढे १६ एप्रिल २०२३ रोजी आपल्याच खारघरच्या मैदानावर, पुरस्कार सोहळ्यासाठी भर उन्हात बसलेल्या लोकांपैकी दहाहून अधिक माणसे उष्माघाताने दगावली. ती माणसे धावत नव्हती, नुसती बसली होती. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. आपल्याकडे समुद्र जवळ, हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. गरगरणे, डोके दुखणे, मळमळणे, बोलण्यात गोंधळ होणे ही लक्षणे दिसताच माणसाला थांबवा, सावलीत आणा, अंग ओले करा, वारा घाला आणि दवाखान्यात न्या. तो "मी ठीक आहे" म्हणाला तरी ऐकू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. विद्यार्थ्यांनो, आजच्या भाषणातले बाकी सारे विसरलात तरी चालेल, एवढे लक्षात ठेवा.

आता शेवटची नोंद. आम्ही धावतो त्याच रस्त्यावर पहाटे काही मुले-मुली धावतात. त्यांच्या अंगावर शर्यतीचे बनियन नसते. ती पोलीस भरतीची तयारी करीत असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. त्यांतल्या एका मुलाने एकदा विचारले, "काका, सोळाशेला तुम्हाला किती लागतात?" आम्ही म्हणालो, "साडेआठ-नऊ मिनिटे." तो हसला नाही. "मला पाचच्या आसपास यायचंय," म्हणाला. त्याच्या कॅनव्हासच्या बुटाचा तळ सुतळीने बांधलेला होता. रविवारच्या शर्यतीत तू पहिला येशील, असे आम्ही म्हणालो. त्यावर त्याने विचारले, "फी किती असते?" आम्ही आकडा सांगितला. तो "बरं" म्हणाला आणि पुढची फेरी मारायला गेला. आमच्यासाठी सेकंद म्हणजे हौस; त्याच्यासाठी सेकंद म्हणजे घरातली पहिली पगाराची नोकरी.

आमच्या सहचारिणीची तक्रारही येथे नोंदवतो. पहाटे पाचच्या अंधारात आम्ही निर्धास्त बाहेर पडतो. तिला ते शक्य नव्हते. बंद दिवे, मोकाट कुत्री आणि त्याहून मोकाट माणसे. मग इमारतीतील पाच जणी एकत्र निघू लागल्या. आता त्या पाच किलोमीटर चालतात, त्यांतल्या दोघी धावतात. एकट्या बाईला जो रस्ता बंद होता तो पाच जणींना खुला झाला.

तर असा हा जमाखर्च. जमेस आरोग्य, सोबत, पहाट. खर्ची पैसा, एक नडगी, आणि दादांच्या विश्वासातला थोडा भाग. तो शेवटचा खर्च भरून काढण्याचा प्रयत्न चालू आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही आणि दादा पुन्हा एका दहा किलोमीटरच्या शर्यतीत उतरलो. दादांच्या चालीने, मध्ये चालत, पाणी पीत. १ तास २३ मिनिटे लागली. घड्याळ घरीच होते. वेळ आयोजकांच्या यादीत पाहिली.

संस्थेपुढे दोन विनंत्या ठेवून थांबतो. आपल्यातील जे हौशी धावपटू आहेत त्यांनी वर्षातून एका शर्यतीची फी वाचवावी आणि त्या पैशातून भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या मुला-मुलींना चांगले बूट घेऊन द्यावेत. आमची एका जोडाची रक्कम आज खजिनदारांकडे जमा केली आहे. दुसरी विनंती अशी की, दर रविवारी पहाटे साडेपाचला सेंट्रल पार्कच्या फाटकाशी यावे. फी नाही, पदक नाही. नियम एकच आहे: जो सर्वांत सावकाश असेल, त्याच्या चालीने सगळ्यांनी परत यायचे.