मायेचे माप



आपल्याकडे पाहुणा आला की 'या, बसा' याच्या पाठोपाठ 'काय घेणार?' हा प्रश्न ठरलेला. खाऊ घालणे ही आपल्या मायेची मातृभाषाच आहे. माणसाच्या बाबतीत ती कधी कधी अंगाशी येते; पण माणूस निदान हात आडवा धरून 'पुरे' म्हणू शकतो. घरातल्या कुत्र्याला ते म्हणता येत नाही. खरं सांगायचं तर त्याला ते म्हणायचंही नसतं. तेव्हा आजचे माझे चार शब्द त्याच्या वतीने आहेत, पण त्याच्या इच्छेविरुद्ध.

कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कथा थोर आहे. पण ते कुत्रे भुकेले होते! तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत पंख्याखाली पसरलेला आपला लॅब्रॅडॉर काही भुकेला नाही. सकाळी आजोबांच्या चहाबरोबर त्याला दोन बिस्किटे मिळतात. पोळ्या होत असताना चतकोर मिळते. दुपारी मुलांच्या ताटातला उरलेला भात त्याचाच. आणि रात्री कुणीतरी म्हणतेच, 'बिचाऱ्याला आज काही दिलंच नाही!' यात त्याचे स्वतःचे दोन वेळचे जेवण धरलेले नाही. प्रत्येकाने थोडेसेच दिलेले असते. बेरीज मात्र कुणीच केलेली नसते.

ही बेरीज कुठे जाऊन पोहोचते? अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर जन्मभर चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. एकाच वितीतल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या होत्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न मिळे. कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान तेरा वर्षे भरले, तर त्यांच्या भावंडांचे अकरा वर्षे आणि वर सुमारे अडीच महिने. म्हणजे जवळजवळ पावणेदोन वर्षांचा फरक! शिवाय सडपातळ कुत्र्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. कुत्र्याचे आयुष्य मुळातच तोकडे. त्यातली पावणेदोन वर्षे आपण बिस्किटांच्या मोबदल्यात द्यावीत का, एवढाच प्रश्न आहे.

आता आपले कुत्रे लठ्ठ आहे की नुसतेच 'भरलेले', हे ओळखायचे कसे? पशुवैद्य एक साधी युक्ती सांगतात. आपल्या हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटे तिच्यावरून फिरवा. बोटांच्या पेरांची हाडे जशी टोचतात तशा फासळ्या लागल्या, तर कुत्रे फार रोड आहे. आता मूठ सोडून हात सरळ धरा आणि पालथ्या पंजावरून बोटे फिरवा. हाडे सहज लागतात, पण टोचत नाहीत. फासळ्या अशा लागाव्यात. तळहातासारखे मऊ लागले आणि फासळ्या शोधाव्या लागल्या, तर वजन जास्त आहे असे समजा. वरून पाहिले तर कंबर दिसायला हवी, बाजूने पाहिले तर पोट वर ओढलेले हवे. अर्थात जात पाहून डोळा बदलावा लागतो. मुधोळचे शिकारी कुत्रे जात्याच सडसडीत. त्याच्या फासळ्या दिसल्या म्हणून त्याला तूप पाजू नये.

वजन जास्त दिसले तर पहिली पायरी पशुवैद्याची. थायरॉइड ग्रंथी मंदावल्यानेही कुत्रे फुगते, आणि नसबंदीनंतर अन्नाची गरज कमी होते. ते पाहून मग हिशेब मांडायचा. समजा, छत्तीस किलोचा लॅब्रॅडॉर तीस किलोवर आणायचा आहे. तीस किलोच्या कुत्र्याला विश्रांतीच्या स्थितीत दिवसाला सुमारे नऊशे कॅलरी लागतात, आणि वजन उतरवताना बहुधा याच आकड्यापासून सुरुवात करतात. वरच्या खाऊचा वाटा दहावा हिस्सा, म्हणजे नव्वद कॅलरी. लहान ग्लुकोज बिस्किटे घेतली तर जेमतेम चार. तेल लावलेली एक पोळी घेतली तर दिवसाचा खाऊ संपला!

वजन आठवड्याला एक ते दोन टक्के उतरावे, त्याहून घाई नको. छत्तीस किलोला हे साडेतीनशे ते सातशे ग्रॅम होतात. सहा किलोंना तीन-चार महिने, प्रसंगी अधिकही लागतील. नेहमीचे अन्न एकदम निम्मे केले तर कॅलरींबरोबर प्रथिने आणि क्षारही निम्मे होतात. म्हणून कोणते अन्न आणि किती, हे वैद्याकडूनच ठरवून घ्यावे.

घरात करायची गोष्ट एकच, पण ती सर्वांनी मिळून. सकाळी दिवसभराचे अन्न तराजूवर तोलून एका डब्यात भरून ठेवा. वाटीने मोजू नका, कारण वाटी घराघरांत निराळी असते. ज्याला माया करायची असेल त्याने त्या डब्यातूनच करावी. आजोबांनीही! डबा रिकामा झाला की दिवस संपला. फारच जीव तुटला तर काकडीची फोड किंवा बिनमिठाची उकडलेली फरसबी द्या. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट मात्र कधीच नको. ती त्याला विषासारखी आहेत. दर पंधरवड्याला वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहा. कुत्रे लहान असेल तर त्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि आपले वजन वजा करा.

फिरणे हवेच, पण उन्हात नको. कुत्रे अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढते, आणि लठ्ठ कुत्र्याला तेही जड जाते. पहाटे किंवा दिवे लागल्यावर, थोडे थोडे वाढवत न्यावे. डांबरी रस्त्यावर आधी आपला तळहात टेकून पाहावा.

आता शेवटचा आणि सगळ्यांत कठीण भाग: ते डोळे! आपण जेवायला बसलो की मांडीशी येऊन बसणारे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली दाखवून दिले की सुमारे चौथा हिस्सा लॅब्रॅडॉर कुत्र्यांत भूक आवरणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. त्याच जनुकामुळे विश्रांतीच्या वेळी ऊर्जाही कमी खर्च होते, हे 2024 साली पुढे आले. म्हणजे त्या बिचाऱ्याला भूक खरोखरच वाटते. पण ती पोट रिकामे असल्याची खूण नव्हे. त्याला नाही म्हणताना आपण निष्ठुर होत नाही, आणि तो मागतो म्हणून त्याला हावरट म्हणण्याचेही कारण नाही. त्याला जो 'पुरे' म्हणता येत नाही, तो आपण त्याच्यासाठी म्हणायचा. आणि ताटावरून उठल्यावर, रिकाम्या हाताने का होईना, त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा. त्यात कॅलरी नसतात.