‘अजून वेळ झालेली नाही’ म्हणणाऱ्यांना



काल दुपारच्या परिसंवादात इथे एक मत जवळपास एकमुखाने मांडलं गेलं. देशावर एखादा आघात झाला की त्यावर लगेच सिनेमा काढू नये. जखम भरू द्यावी, काही वर्षं जाऊ द्यावीत, मग कलावंताने त्या विषयाला हात घालावा. टाळ्याही भरपूर पडल्या. अध्यक्षाने समारोपात सगळ्यांच्या मतांची मोट बांधावी आणि गोड शब्दांत निरोप घ्यावा, अशी आपल्याकडची रीत आहे. आज मी ती पाळणार नाही. कालचं मत मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे सांगायलाच मी उभी आहे.

ते मत कुठून येतं हे मला ठाऊक आहे. या डोंबिवलीत तर ते सांगावंही लागू नये. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात २६ जणांना ठार मारलं. त्यांत महाराष्ट्रातले सहा आणि त्या सहांत तिघे डोंबिवलीचे. भागशाळा मैदानात अंत्यदर्शनाला लोटलेल्या गर्दीत तुमच्यापैकी कितीतरी जण असतील. त्यानंतर ७ मेला ऑपरेशन सिंदूर झालं आणि निर्मात्यांच्या संघटनांकडे ते नाव आपल्याला मिळावं म्हणून अर्जांची रांग लागली. दोन दिवसांत एका सिनेमाचं पोस्टरसुद्धा झळकलं. पूंछमध्ये तेव्हा घरांवर तोफगोळे पडत होते, माणसं मरत होती. लोक भडकले, दिग्दर्शकाला माफी मागावी लागली. लोकांचा राग शंभर टक्के रास्त होता.

पण तो राग नेमका कशाचा होता, याचा विचार काल कुणी केला नाही. दोन दिवसांत पटकथा लिहून होत नाही. दोन दिवसांत एकाही घरात जाऊन, चार तास बसून, त्या घराचं ऐकून घेता येत नाही. त्या पोस्टरमागे सिनेमा असणं शक्यच नव्हतं. होता तो एका नावावर आधी हात ठेवण्याचा आटापिटा. आता मला सांगा, हाच निर्माता पाच वर्षांनी, याच तयारीनिशी, हेच पोस्टर घेऊन आला तर तुम्ही त्याला आत घेणार आहात का? कालच्या मताप्रमाणे घ्यावं लागेल, कारण तुमची अट एवढीच आहे की वर्षं गेली पाहिजेत.

३० नोव्हेंबर २००८ आठवा. २६/११ च्या हल्ल्यातली ताज हॉटेलमधली चकमक संपून जेमतेम एक दिवस झाला होता. मुख्यमंत्री विलासराव देशमुख पाहणीला गेले, आणि त्यांच्यासोबत त्यांचा अभिनेता मुलगा आणि दिग्दर्शक राम गोपाल वर्मा होते. त्या दृश्याने महाराष्ट्र संतापला आणि थोड्याच दिवसांत विलासरावांना पद सोडावं लागलं. वर्मांचा २६/११ वरचा सिनेमा आला २०१३ च्या मार्चमध्ये. म्हणजे चार वर्षांहून जास्त काळ मध्ये गेला, कसाबला फाशीही झाली होती. काळाची अट पूर्ण झाली! म्हणून त्या भेटीतली असभ्यता पुसली गेली का? नाही गेली. ती आजही तितकीच आहे, कारण तिचा संबंध तारखेशी नव्हता. जिथे पंचनामा अजून चालू आहे तिथे सत्तेच्या ओळखीने आत शिरण्याशी होता.

आणखी पुढे चला. त्याच हल्ल्यावर २०१५ मध्ये ‘ताज महल’ नावाचा फ्रेंच सिनेमा आला, २०१८ मध्ये ‘हॉटेल मुंबई’ आला. सात वर्षं, दहा वर्षं. पुरेसा काळ ना? दोन्हींच्या केंद्रस्थानी हॉटेल आहे. त्या रात्री आपल्या सीएसटीवर, बाहेरगावच्या गाडीची वाट बघत, सामानाला टेकून बसलेली पन्नासहून जास्त माणसं मारली गेली. ताजमध्ये मेलेल्यांपेक्षा ती जास्त आहेत. झुंबरं आणि संगमरवरी जिने असलेल्या मरणाकडे कॅमेरा वळतो आणि फलाटाबाहेरच्या मरणाकडे ओझरतं बघून निघून जातो. दहा वर्षं जाऊनही ही नजर बदलली नाही. काळ गेला की दृष्टी आपोआप येते, असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आता लवकर आलेल्या एका सिनेमाबद्दल बोलते, आणि जरा सावकाश बोलते, कारण काल त्याचं नावही कुणी घेतलं नाही.

११ जुलै २००६ ला संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. पहिल्या वर्गाचे डबे फाटले, १८० हून जास्त माणसं गेली. दोन वर्षांनी, ऑगस्ट २००८ मध्ये, निशिकांत कामतचा ‘मुंबई मेरी जान’ आला. आपल्या गावाचं नाव घेऊन धावणारा ‘डोंबिवली फास्ट’ करणारा हाच निशिकांत. २०२० मध्ये तो गेला. अजून बरंच करायचं होतं त्याला. त्याच्या या सिनेमात बॉम्ब ठेवणारे नाहीत, तपास नाही, अटक नाही. निवृत्तीला टेकलेला एक हवालदार आहे. मॉलमध्ये अपमान झालेला, त्याचा सूड म्हणून खोट्या बॉम्बचे फोन करणारा एक फेरीवाला आहे. प्रत्येक मुसलमानाकडे संशयाने पाहणारा एक तरुण आहे. स्फोटातून वाचलेला आणि आता लोकलमध्ये पाय ठेवायला घाबरणारा एक माणूस आहे.

आणि एक वार्ताहर आहे. दुसऱ्यांच्या दुःखापुढे माइक धरणं हे तिचं रोजचं काम. स्फोटात तिचा होणारा नवरा जातो आणि तिचंच चॅनेल तिच्या रडण्याची बातमी करतं. काल ज्यांनी ‘दुःखाचा बाजार मांडतात’ म्हणून सिनेमावाल्यांना झोडपलं, त्यांनी हे पाहावं. दुःखाच्या बाजारावरचं सगळ्यात कडक आरोपपत्र एका सिनेमानेच लिहिलं आहे, आणि तेही दोनच वर्षांनी. वीस वर्षं थांबून ते लिहिता आलं नसतं. स्फोटानंतर लोकलमध्ये शेजारी बसलेल्याच्या पिशवीकडे आपण ज्या नजरेने बघत होतो, ती नजर वर्षभरात आपण विसरतो. ती पकडायला कलावंताला तेव्हाच तिथे असावं लागतं.

या स्फोटांच्या खटल्याचं पुढे काय झालं तेही ऐका. २०१५ मध्ये विशेष मकोका न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने लगेच बजावलं. सरकारचं अपील आहेच. म्हणजे १९ वर्षांनंतरही, गुन्हेगार कोण, या प्रश्नाचं पक्कं उत्तर आपल्याकडे नाही. ‘सत्य बाहेर येईपर्यंत थांबा’ असं काल एक वक्ते म्हणाले. किती थांबायचं? ज्या आया मुलांची वाट बघत विरार लोकलच्या फलाटावर उभ्या होत्या, त्यांचं आयुष्य या थांबण्यात संपेल.

पण निशिकांतचा सिनेमा या निकालाने खोटा पडला नाही. त्याने गुन्हेगार ठरवण्याचं काम अंगावर घेतलंच नव्हतं. त्याने शहराबद्दल सांगितलं, आणि शहराबद्दल त्याला पक्कं माहीत होतं. तेव्हा एखाद्याने त्या बारा जणांना नावानिशी पडद्यावर बॉम्ब ठेवताना दाखवलं असतं, तर आज त्याने त्यांना तोंड कसं दाखवलं असतं?

म्हणून थांबण्याचं एक कारण मला मान्य आहे, आणि तेवढंच मान्य आहे. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांवरचा अनुराग कश्यपचा ‘ब्लॅक फ्रायडे’ २००४ मध्ये तयार होता. टाडा न्यायालयाचा निकाल लागायचा होता, आरोपींनी दाद मागितली, मुंबई उच्च न्यायालयाने प्रदर्शन रोखलं. सिनेमा आला २००७ मध्ये. खरी नावं घेऊन, ज्यांचा खटला चालू आहे अशांना गुन्हा करताना दाखवणारा सिनेमा न्यायाधीशाच्या टेबलावर निकालाआधी पोचू नये, हे न्याय्य आहे. इथे एका जिवंत माणसाच्या गळ्याचा प्रश्न असतो. पण याला ‘भावना दुखावतात’ या सबबीबरोबर एका दावणीला बांधू नका.

‘फार लवकर’ हा शब्द कुणासाठी वापरला जातो, तेही एकदा नीट बघू या. उरीचा हल्ला सप्टेंबर २०१६ चा. त्यावरचा सिनेमा जानेवारी २०१९ मध्ये आला, सव्वादोन वर्षांत. लोकसभा निवडणूक तोंडावर होती. तो लवकर आला असं कुणी म्हटलं? खुद्द पंतप्रधानांनी मुंबईत चित्रपट संग्रहालयाच्या उद्घाटनात त्यातला संवाद म्हटला. आता दुसरा. ८ मे २०२० च्या पहाटे, जालन्याहून भुसावळकडे चालत निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. रुळांवर पडलेल्या त्यांच्या भाकऱ्या आपण सगळ्यांनी पाहिल्या. टाळेबंदीत शहर सोडून चालत निघालेल्या अशाच माणसांवर अनुभव सिन्हांचा ‘भीड’ २०२३ मध्ये आला, तीन वर्षांनी. उरीच्या सिनेमापेक्षा जास्त काळ थांबून. त्याचा ट्रेलर यूट्यूबवरून गायब झाला, सिनेमाला कात्री लागली, तो आला कधी आणि गेला कधी हेही अनेकांना कळलं नाही. सव्वादोन वर्षं पुरेशी आणि तीन वर्षं अपुरी, हे कुठलं गणित? शत्रू सीमेपलीकडे असला की घाई चालते. प्रश्न इथल्या कारभाराला विचारला की जखम ताजी असते.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाला १९९७ मध्ये आग लागली, ५९ माणसं गुदमरून गेली. दोन्ही मुलं गमावलेल्या कृष्णमूर्ती दांपत्याने स्वतः पुस्तक लिहिलं, त्यावर २०२३ मध्ये मालिका आली. ती थांबवा म्हणून उच्च न्यायालयात कोण गेलं? ज्यांची मुलं गेली ते नाही. त्याच खटल्यात दोषी ठरलेले चित्रपटगृहाचे मालक गेले. न्यायालयाने स्थगिती नाकारली, हे आपलं नशीब. पीडितांच्या भावनांचा हवाला कुणी देऊ लागला की पीडित स्वतः काय म्हणताहेत ते आधी विचारा. त्यांनी ‘आमच्या घरात कॅमेरा नको’ म्हटलं, तर त्या घराच्या उंबऱ्याबाहेर थांबायचं; त्यावर वाद नाही. पण त्यांचं तोंड बंद ठेवून त्यांच्या वतीने दुसऱ्याने ‘नको’ म्हणायचं, हे मी ऐकून घेणार नाही.

माझी तक्रार लवकर येणाऱ्यांबद्दल नाही, लवकर निघून जाणाऱ्यांबद्दल आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. त्या दुःखाने शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धनांचा कॅमेरा तेव्हाच तिथे पोचला. पण ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा झाला १४ वर्षांनी. मधल्या काळात ते वस्तीत जात राहिले, खटल्यामागे जात राहिले, मेलेल्यांच्या घरची मुलं मोठी होताना पाहत राहिले. कॅमेरा लगेच गेला म्हणून त्यात गोळीबाराची धग आहे, आणि १४ वर्षं राहिला म्हणून त्यात न्यायाची रखडपट्टी आहे. यात थांबणं कुठे आहे?

आणि आता आपल्याबद्दल, म्हणजे या मांडवातल्या लिहिणाऱ्यांबद्दल. ‘काळाचं अंतर हवं’ हे आपण सिनेमावाल्यांना सांगतो, पण त्या अंतराच्या आडोशाला आपणच वर्षानुवर्षं बसलो आहोत. बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळात माणसं मरत होती, त्याची हाक अण्णाभाऊ साठ्यांनी पोवाड्यातून मुंबईच्या कामगारांपर्यंत पोचवली. त्यांनी काळ जाऊ दिला नाही. पोवाडा हा आपला प्रकारच असा आहे की शाहीर घटनेच्या मागोमाग डफ घेऊन उभा राहतो. गिरणी संपाचं काय झालं? संप १९८२ चा. जयंत पवारांचं ‘अधांतर’ आलं नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात. उत्तम नाटक, त्याला माझा दंडवत आहे. पण तोवर गिरणगाव उठून गेलं होतं. ज्या काळात ते नाटक चाळीचाळीत व्हायला हवं होतं, त्या काळात मराठी लेखक काय करत होते? आपण मैदान सोडलं की तिथे पोस्टरवाले येणारच. त्यांना शिव्या देण्याचा हक्क आपण लिहून कमवायला हवा.

मित्रहो, माझी मागणी साधी आहे. काल परिसंवादात सुचवलेला, ‘राष्ट्रीय आघातांवरील चित्रपटांना ठरावीक वर्षांची मुदत घालावी’ हा ठराव थोड्या वेळाने तुमच्यापुढे येईल. तो फेटाळून लावा. त्याऐवजी आपल्या यजमान ग्रंथालयाने लेखकांची एक लहान तुकडी नेमावी. या गावातून कामाला, सहलीला, परीक्षेला गेलेली जी माणसं स्फोटांत, गोळीबारात, रेल्वे अपघातांत परत आली नाहीत, त्यांच्या घरी, त्या घरांची इच्छा असेल तिथेच, जाऊन बसावं. ऐकावं, लिहून घ्यावं, लिहिलेलं त्यांना वाचून दाखवावं, ते म्हणतील ते खोडावं. पुन्हा जावं. या कामासाठी पहिलं नाव माझं लिहून घ्या. दुसरं कोण देतं, ते हात वर करून आत्ताच सांगा.