डबीची पाठ वाचावी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



शिक्षण, हुंडाबंदी, व्यसनमुक्ती अशा विषयांवर या व्यासपीठावरून व्याख्याने व्हावीत, हा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. त्या पंक्तीत तोंडाला लावावयाच्या मलईवर बोलण्यास आम्ही उभे राहिलो, म्हणून मागच्या रांगेत थोडे हसू पिकले, ते आमच्या कानी आले. हसणाऱ्यांवर आमचा राग नाही. मात्र हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. तो आमच्या घरात आपल्या पायांनी चालत आला.

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या घरातील एका मुलीला पाहण्यास पाहुणे यावयाचे होते. तिने ओळखीच्या एका बाईंकडून पांढरी डबी आणली. पंधरा दिवसांत चेहरा खरोखर उजळला. सर्वांनी कौतुक केले. आम्हीही केले, हे लपवीत नाही. डबी संपली आणि आठवड्याच्या आत चेहरा लाल झाला, पुटकुळ्यांनी भरला, उन्हात जाणे अशक्य झाले. सोलापुरास त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “डबीवर काय लिहिले आहे?” डबीवर काहीच लिहिलेले नव्हते. ‘वाचल्यावाचून कोणत्याही कागदावर सही करू नये,’ असे जन्मभर मुलांना शिकविणाऱ्या आमच्या घरात, न वाचता चेहऱ्यावर सही झाली होती!

आम्ही रसायनशास्त्रज्ञ नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु वाचता येणाऱ्या कोणासही करता येईल एवढीच परीक्षा आज सांगावयाची आहे.

डबीचे पुढचे तोंड जाहिरातदाराचे असते, पाठ कायद्याची असते. पुढे केशराचे फूल, चंदनाचे खोड आणि हसरी मुलगी. मागे, भिंग लावल्याशिवाय दिसू नयेत अशा अक्षरांत, ‘इन्ग्रेडियंट्स’ म्हणजे घटकद्रव्यांची यादी. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे एक टक्क्याहून अधिक असलेली द्रव्ये त्यांच्या प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागतात; एक टक्का वा त्याहून कमी असलेली त्यानंतर, कोणत्याही क्रमाने लिहिली तरी चालतात. एवढा एकच नियम ध्यानी धरला, तरी अर्धे काम झाले. यादीच्या आरंभी पाणी, त्यामागून ग्लिसरीन, मेणासारखे स्निग्ध पदार्थ, मग सुगंध, आणि केशर सर्वांच्या शेवटी असेल, तर त्या डबीत केशर नावापुरतेच आहे. पैसे मात्र आपण केशराचे दिले. पाणी आणि ग्लिसरीन वाईट नव्हेत; आपल्याकडील कोरड्या हिवाळ्यात भेगाळलेल्या त्वचेस ग्लिसरीन उपकारकच आहे. परंतु ते ग्लिसरीनच्या भावाने घ्यावे. एक सवलतही ठाऊक असावी. साठ मिलिलिटरहून कमी पातळ द्रव्य किंवा तीस ग्रॅमहून कमी घट्ट द्रव्य असलेल्या लहान वेष्टनावर ही यादी छापण्याची सक्ती नाही. आठवडी बाजारात खपतात त्या बहुधा लहानच डब्या!

साबणाचीही अशीच कथा. वेष्टनावर ‘टी. एफ. एम.’ असा आकडा असतो; तो त्यातील एकूण स्निग्धांशाचा. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणात तो किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० आणि तिसऱ्या प्रतीत ६० हवा. ‘मृदू’, ‘कोमल’ या विशेषणांना माप नाही. या आकड्याला आहे. साबण क्षारयुक्त असतो हे पाहण्यास प्रयोगशाळाही नको. हळदीचा डाग पडलेल्या धोतरास साबण लावताच तो तांबडा होतो, हे आपल्या माताभगिनींनी शेकडो वेळा पाहिले आहे. हळद क्षार ओळखते. आज आम्ही हळदीत बुडवून वाळविलेल्या कागदाच्या पट्ट्या आणल्या आहेत. आपल्या साबणाच्या पाण्याचा थेंब टाकून मुलांनी स्वतः पाहावे. त्वचा स्वभावतः किंचित आम्ल असते, म्हणून दिवसातून चार वेळा साबणाने तोंड धुणाऱ्यांची त्वचा तडकते.

‘हर्बल’ हा शब्दही असाच तपासावा. मेंदीचा रंग नारिंगी-तांबडा असतो, हे सांगण्यास शास्त्र नको. मग ‘काळी मेंदी’ काळी कशाने होते? यादीत बहुधा ‘पॅराफिनिलिनडायअमाइन’ हे लांबलचक नाव सापडते. हा केसांचा कृत्रिम रंग आहे. कित्येकांना त्याने डोके व पापण्या सुजतात, फोड येतात. तसेच टिकलीचे. काही टिकल्यांच्या डिंकात ‘पॅराटर्शरी ब्युटिलफिनॉल’ नावाचे द्रव्य असते व त्याने कपाळावर, नेमक्या टिकलीच्या जागी, पांढरा डाग पडू शकतो. त्यास लोक कोड समजतात आणि मुलीचे लग्न अडते. दोष डिंकाचा, दंड मुलीला!

आता गंभीर भागाकडे वळतो. २०२३ च्या आरंभी वृत्तपत्रांत अकोल्याची एक हकिकत प्रसिद्ध झाली. एकाच घरातील आई व दोन मुली, तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील वैद्यांना प्रश्न पडला, की एका घरात तिघींना एकाच वेळी हा आजार कसा? शोध घेता तिघींत एक गोष्ट समान निघाली. तिघीही स्थानिक सौंदर्यप्रसाधिकेकडून घेतलेली एकच मलई चेहऱ्यास लावीत होत्या. तपासणीत त्या मलईत पारा आढळला. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातही असेच घडले. कोट्टक्कल येथील वैद्यांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक विरळ प्रकार आढळला, आणि त्या पंधरांतील १३ जणांनी गोरेपणाची मलई वापरल्याचे सांगितले.

पारा त्वचेत रंगद्रव्य बनण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा उजळतो. तोच पारा त्वचेतून रक्तात जातो आणि रक्त गाळणाऱ्या मूत्रपिंडास इजा करतो. आपल्या नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या मलईत, नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाही. दहा क्विंटल ज्वारीच्या राशीत पंचवीस-तीस दाणे, एवढे हे प्रमाण. पाऱ्याविषयीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने २०१८ साली मान्यतेची मोहोर उठविली आहे.

येथे चतुर श्रोता विचारील, “गुरुजी, पारा घालणारा तो यादीत छापील काय?” नाही छापणार. म्हणूनच यादी वाचणे ही पहिली परीक्षा, शेवटची नव्हे. दुसरी परीक्षा अशी, की डबीवर करणाऱ्याचे नाव, पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, तुकडीचा क्रमांक आणि वापराची मुदत आहे काय? ज्याला आपला पत्ता सांगण्याची लाज वाटते, त्याचा माल तोंडाला लावू नये. तिसरी परीक्षा गुणाची. आठ-पंधरा दिवसांत गोरे करणारी मलई गुणकारी म्हणून नव्हे, तर संशयित म्हणून पाहावी.

काही द्रव्ये मात्र उघड छापलेली असूनही आपण वाचत नाही. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे मुलांनी वहीत उतरून घ्यावीत. ही स्टेरॉइड औषधे आहेत. योग्य रोगावर, वैद्याच्या देखरेखीखाली उपयोगीच. परंतु शेजारणीच्या सल्ल्याने महिनोन्महिने चेहऱ्यास लावली, तर त्वचा पातळ होते, तोंडावर लव वाढते, आणि थांबविताच चेहरा पेटून उठतो. आमच्या घरी घडले ते बहुधा हेच, असे तज्ज्ञांचे मत पडले. २०१८ पासून अशी अनेक मलमे वैद्याच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई आहे. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर तक्रार करता येते. डबी फेकू नये, तोच पुरावा.

एवढे सांगितल्यावरही मूळ प्रश्न उरतोच. हिंदुस्थान लिव्हरने १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणली; लोकमताच्या दडपणाने २०२० साली तिचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. कारखानदाराने नाव बदलले. आपण काय बदलले? त्या मुलीला ती पांढरी डबी कोणी घ्यावयास लावली? त्या बाईंनी नव्हे. आपल्याच वधू-वर सूचीत शिक्षण, उंची यांच्या शेजारी ‘रंग’ असा रकाना आहे. तो रकाना आखणारा हात आमचा होता. बारा वर्षांपूर्वी सूचीचे काम आमच्याकडे असताना, पट्टी धरून, तांबड्या शाईने आम्ही तो आखला. ‘सावळी’ लिहिलेल्या मुलींची पत्रे कमी येतात, हेही आम्ही पाहिले आणि गप्प राहिलो. उन्हातान्हात सोयाबीन काढणाऱ्या आपल्या लेकींचा रंग हे सूर्यापासून त्वचेचे रक्षण करणारे देवदत्त कवच आहे. त्यास दोष ठरवून आपणच त्यांना बिननावाच्या डबीकडे ढकलले.

यास्तव अध्यक्षमहाराजांस आमची नम्र विनंती आहे, की पुढील सूचीतून तो रकाना काढून टाकावा. ज्या हाताने तो आखला, त्याच हाताने खोडण्याची अनुज्ञा आम्हांस मिळावी. आमच्या घरची मुलगी आता बरी आहे. चेहऱ्यावर डाग थोडे उरले आहेत. पाहुण्यांना यावयाचे असेल तर त्यांनी तिला तशीच पाहावी, असे तिनेच सांगितले आहे, आणि घरातील सर्वांनी ते मान्य केले आहे.

हळदीच्या पट्ट्या दाराशी ठेवल्या आहेत. जाताना मुलांनी एकेक न्यावी. आई तुळजाभवानी सर्वांस सुबुद्धी देवो.