नाशिकचा उंट

एका डावाबद्दल सांगते. ५ एप्रिल २०२४. टोरांटो, कॅन्डिडेट्सची दुसरी फेरी. नाशिकच्या विदित गुजराथीकडे काळी मोहरी, समोर हिकारू नाकामुरा. विदितनं बर्लिन बचाव घेतला. हा बचाव म्हणजे भिंत. २००० साली क्रामनिकनं कास्पारोव्हला त्यावरच अडवलं होतं. पण ११व्या चालीला विदितनं चक्क उंट देऊन एच-३चं प्यादं उडवलं! राजापुढचं कुंपणच गेलं. २९ चालींत डाव आटोपला आणि नाकामुराची ४७ डावांची अपराजित मालिकाही. आम्ही संगणकवाले असल्या चाली इंजिनला विचारतो. तो मात्र पटावर एकटा होता.

आता मुद्द्याचं. एमआयडीसीतल्या कामगारांची मुलं आज आपल्या कुरकुंभच्या शाळेत आहेत. मेळाव्याच्या शिल्लक निधीतून त्यांना दहा पट घेऊ या. घड्याळं माझ्याकडून.